शेवट आधी सांगणाऱ्या वकिलीणबाई

वकिलीणबाई कुणाच्याही हातात कादंबरी देताना आधी तिचा शेवट सांगून टाकत. "लग्न होतं. सासू सुधारत नाही, पण ही दोघं वेगळी राहतात. घे." किंवा, "तो मरतो. शेवटच्या आधीच्या प्रकरणात. झेपणार नसेल तर आत्ताच सांग, दुसरं देते." घेणारीचा चेहरा पडायचा. "अहो वहिनी, मग वाचायला राहिलं काय?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "काय होतं ते मी सांगितलं. कसं होतं ते तू वाच."

लोक याला विक्षिप्तपणा म्हणत. मला त्यात विक्षिप्त काही दिसलं नाही. त्या म्हणायच्या, "पहाटे पाणी भरून, घरचं सगळं करून, दिवसभर कंपनीत उभी राहून आलेली बाई झोपण्याआधी जेमतेम अर्धा तास वाचणार. त्या अर्ध्या तासात तिला फसवायचा हक्क लेखकाला कुणी दिला?" भेंडी आपण टोक मोडून बघून घेतो, साडी उजेडात नेऊन बघतो. कादंबरी तेवढी डोळे मिटून घ्यायची, हा नियम ज्यांना वेळच वेळ आहे अशा कुणीतरी केलेला असणार.

कर्जतच्या वकिलांच्या घरातल्या त्या सून. सासरे वकील, नवरा वकील, धाकटा दीरही वकील. गावाने त्यांना वकिलीणबाई करून टाकलं आणि त्यांचं नाव विसरून गेलं. मी वहिनी म्हणायची. घरात कायद्याच्या पुस्तकांची भिंतभर कपाटं, आणि वहिनींच्या हातात कायम एखादी प्रेमकथा, नाहीतर खुनाची गोष्ट, नाहीतर तीन पिढ्यांच्या भांडणांची जाडजूड कादंबरी. मुखपृष्ठावर पदर उडालेली बाई आणि मागे अंधुकसा पुरुष. असं पुस्तक बायका वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचतात. वहिनींना ते मुळीच खपत नसे. एकदा दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक शाळेतल्या बाई कव्हर घातलेलं पुस्तक वाचत होत्या. वहिनींनी सरळ विचारलं, "चोरलंय का?" बाई गडबडल्या. "नाही हो." "मग झाकता कशाला?" कव्हर काढून, घडी घालून त्यांनी बाईंच्या पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "छान आहे हे. मधली दहा-बारा पानं पावसाच्या वर्णनाची आहेत, ती सोडा."

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळी डबे भरून टेंपो निघतो तो चौक गाव, लोधिवली करत खालापूरकडून कुंभिवलीच्या कंपन्यांपर्यंत जातो आणि दुपारी रिकामे डबे घेऊन परत येतो. मधला वेळ माझ्या बायका मोकळ्या असतात. वहिनी एकदा पुरणपोळ्यांची ऑर्डर द्यायला आल्या, तेव्हा एक रंजना सोडून सगळ्या जणी मोबाइलमध्ये माना घालून बसल्या होत्या. वहिनी लाटणं धुणाऱ्या रंजनाला म्हणाल्या, "काय गं, दिवसभर कुणाचं ऐकून घ्यावं लागतं तुला?"

रंजना लोधिवलीची, बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. माझ्याकडे बघून म्हणाली, "हितं ताईंचं, घरी सासूचं. मधी टेंपोत डायवर."

दुसऱ्या दिवशी वहिनी तिच्यासाठी गावच्या वाचनालयातून पुस्तक घेऊन आल्या. त्यात सासू नव्हती, मालकीण नव्हती आणि नायिका स्वतः गाडी चालवत होती. ही त्यांची रीत. तुला काय आवडतं, असं त्या विचारत नसत. त्यांचं म्हणणं, बाईला ते कुणी कधी विचारलेलं नसतं, त्यामुळे तिला सांगता येत नाही. पण कुणाचं ऐकून घ्यावं लागतं, ते प्रत्येकीला ताबडतोब सांगता येतं. कुंभिवलीला पॅकिंगवर काम करणाऱ्या एकीने सुपरवायझर म्हटलं, तिला त्यांनी पहिल्याच प्रकरणात राजीनामा देणाऱ्या बाईची गोष्ट पाठवली. त्या मुलीने ती लागोपाठ दोनदा वाचली आणि राजीनामा काही दिला नाही. वहिनी म्हणाल्या, "देऊही नये. पगार कादंबरीतून येत नाही."

नायकांच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. नायिकेचा दंड करकचून धरणारा, तिला थोबाडीत मारून मग रात्रभर पश्चात्ताप करणारा, "तू फक्त माझी आहेस" म्हणणारा नायक दिसला की पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहीत, "हा हात उगारतो." वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायचं नाही असा नियम आहे, हे त्यांना ठाऊक होतं. "रस्त्यावर खड्डा असेल तर पाटी लावतात की नाही?" एवढंच त्या म्हणायच्या.

पुस्तकं माझ्या टेंपोतून जायला लागली. माझी अट एकच होती, जेवणाच्या डब्यांजवळ पुस्तक दिसता कामा नये. वरणाच्या पिंपात ठेवलेलं पुस्तक एकदा पिवळं होऊन परत आलं, तेव्हा मी ड्रायव्हरची चांगली हजेरी घेतली होती. पुस्तकाला वरणाचा वास आला तरी बिघडत नाही, वरणाला पुस्तकाचा वास आला तर माझं गिऱ्हाईक जातं. मग वहिनींनी जुना पत्र्याचा डबा आणून दिला आणि पुस्तकं त्यातून फिरू लागली. घाटातल्या ठाकुरवाडीहून गाडीने खाली येणारी आमची एक भाजी निवडणारी बाई काही पुस्तकं पिशवीतून वर घाटात नेऊ लागली. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे हे वहिनींच्या डोक्यात असायचं. वाचनालयाची वेळ संध्याकाळची, म्हणजे नेमकी बायका चुलीपाशी असतात तेव्हाची. त्यामुळे यातली एकही जण त्या इमारतीत कधी पाऊल टाकत नव्हती. वाचनालयाच्या दृष्टीने या बायका नव्हत्याच. पुढे सगळं बिनसलं ते इथेच.

त्याआधी रंजनाची एक गोष्ट सांगायला हवी. वहिनी एका कादंबरीचा शेवट सांगत होत्या. त्यात आई मरते आणि मुलगी वेळेवर पोचत नाही. म्हणाल्या, "तुम्हाला कुणालाच देत नाही हे." रंजना पुढे आली. "वैनी, मला तेच द्या."

"अगं, रडशील."

"रडायचंच हाय. माझी आय आखाडात गेली. तवा लावणी चालू, सासूचा दमा, पोराचं शाळेचं ॲडमिशन. रडायचं राहूनच गेलं. आता मधीच रडाया बसले तर घरातले इचारतील काय झालं. पुस्तकाला रडते म्हटलं तर हसतील आन् जातील."

वहिनींनी पुस्तक तिच्या हातात दिलं. त्यानंतर मरणाच्या कादंबऱ्या त्यांनी नाकारल्या नाहीत. फक्त त्या मागणारीला एकटीला बाजूला नेऊन देत.

आता वाचनालयाविषयी. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उगाच त्यांची जाहिरात होईल. कमिटीने ठरवलं की स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी काचेची अभ्यासिका करायची आणि त्यासाठी कादंबऱ्यांची भिंत मोकळी करायची. अभ्यासिकेला माझा विरोध नाही, मुलांना बसायला जागा हवीच. पण भिंती चार होत्या. दुसऱ्या भिंतीला कुणी कधी न उघडलेले ग्रंथ होते, त्यांच्याकडे कुणाचं बोट गेलं नाही. कार्यवाह सर, आमच्याच हायस्कुलातून निवृत्त झालेले, सभेत म्हणाले, "ही हलकी पुस्तकं वाचतं कोण? आपल्या हॉलमध्ये मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. रद्दीत काढू."

वहिनी उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या त्या समोरच्या कपाटातले ग्रंथ वाळवीने वाचलेत. माझी पुस्तकं माणसांनी वाचलीत."

लोक हसले. वहिनींनाही हसले. हात वर करून मतदान झालं आणि त्या हरल्या. मी त्यांना म्हटलं, आपल्या बायकांना पुढच्या सभेला घेऊन येते, टेंपो भरून आणते. त्या माझ्यावरच चिडल्या. "कशाला? त्यांनी काय सरांपुढे उभं राहून परीक्षा द्यायची? आम्ही वाचतो हो, आमची पुस्तकं ठेवा हो, असं म्हणायचं? मुळीच नाही."

त्यांनी वेगळं केलं. वाचनालयाच्या जुन्या नियमावलीत एक कलम होतं. एखाद्या गावच्या वाचकांनी मिळून मागणी केली तर त्यांना पुस्तकांची पेटी न्यायला द्यायची. पेटी किती दिवसांत परत करायची, ते लिहायला मात्र कलम करणारे विसरले होते. ते कलम कमिटीत कुणालाच आठवत नव्हतं. वकिलांच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला आठवत होतं. लोधिवलीच्या बायकांनी मागणी केली, कुंभिवलीच्या बायकांनी केली, ठाकुरवाडीच्या बायकांनी केली, माझ्या केंद्राने तर दोनदा केली. प्रत्येक अर्जावर वाचनालयाच्या माणसाने सही केली, पेट्या माझ्या टेंपोत चढल्या आणि रद्दीवाला हातगाडी घेऊन आला तेव्हा त्याला भिंतीवर फक्त फळ्या सापडल्या.

मला अजूनही त्या दिवसाचं बरं वाटतं. कायदा मोडला नाही, खोटं बोललो नाही, कुणाला शिवी दिली नाही.

पण कमिटीला आपलंच कलम आपल्यावर उलटलेलं सहन झालं नाही. रद्दीत टाकायला निघालेली पुस्तकं एका रात्रीत "वाचनालयाची मौल्यवान मालमत्ता" झाली. परत मागितली. वहिनींनी उत्तर दिलं, बायका वाचतायत. मग वहिनींच्या घरी नोटीस आली की संस्थेच्या हिताला बाधा आणल्याबद्दल त्यांचं सदस्यत्व रद्द करण्यात येत आहे. ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या, पिठाच्या डब्यावर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचून दाखवली. म्हणाल्या, "यात माझं पूर्ण नाव लिहिलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एरवी यांच्या कागदावर 'वकिलांच्या सौ.' असायचं."

बायका हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

लग्न होऊन त्या कर्जतला आल्या, तेव्हा घरातून एकटीने जायची परवानगी दोनच ठिकाणी होती, देवळात आणि वाचनालयात. देवळात त्या फारशा गेल्या नाहीत. हे मला त्यांनी तेव्हा सांगितलं, ते सुद्धा नोटिशीची घडी घालता घालता. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे वकीलसाहेबांना, मी स्वतः जाऊन म्हटलं, तुम्ही एवढे मोठे वकील, एक कागद लिहा. ते म्हणाले, "कादंबऱ्यांसाठी कुणी भांडतं का? जाऊ द्या आता." जमिनीच्या वीतभर तुकड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी माणसं ज्यांच्या ओसरीवर बसत, त्यांनी हे म्हणावं. त्यानंतर वहिनींनी वाचनालयाचा रस्ता सोडला. स्टेशनकडे जायचं तरी बाजारातून वळसा घालून जात.

पुस्तकं फिरतच राहिली, आता माझ्या केंद्रातून. वहिनी दुपारी येत, बायकांमध्ये बसत, मेथी निवडत शेवट सांगत. मग त्यांची तब्येत बिघडली आणि त्यांना पनवेलला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा रागावलेल्या होत्या. "हे डॉक्टर बघ. मी विचारते, पुढे काय आहे, तर म्हणतात, आशा ठेवा, छान छान विचार करा. मी काय लहान मूल आहे? माझ्या आजाराचा शेवट मलाच सांगत नाहीत."

डॉक्टरांनी तो वकीलसाहेबांना बाहेर सांगितला होता आणि वकीलसाहेबांनी मला. मी खुर्ची ओढून बसले आणि वहिनींना सांगितला. जसा ऐकला तसा, मधे काही न घालता. मला रडूबिडू येत नाही, आणि आलं असतं तरी तिथे ते उपयोगाचं नव्हतं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मग आता जाड काही आणू नकोस."

मी पातळ पुस्तकं नेत गेले. शेवटचं अर्धं राहिलं.

शोकसभा घेतली ती वाचनालयानेच. मी गेले नसते, पण रंजना म्हणाली, "ताई, जायाला पायजे. काय बोलतात ते आयकाया." ऐकलं. कार्यवाह सर म्हणाले की दिवंगत भगिनी या संस्थेच्या ज्येष्ठ सदस्या होत्या, अभिजात साहित्याच्या व्यासंगी वाचक होत्या, उथळ लेखनाला त्यांच्या जीवनात थारा नव्हता. वकीलसाहेब पहिल्या रांगेत मान हलवत होते. त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ एक काचेचं कपाट दिलं होतं. त्यात वहिनींनी हाताळलेल्या पुस्तकांचं कायमस्वरूपी दालन होणार होतं. कुलूपबंद. पुस्तकं बाहेर देण्यात येणार नाहीत. फोटोला हार होता, आणि फोटोतल्या बाईच्या हातात पुस्तकसुद्धा नव्हतं.

जिवंतपणी जिला हाकललं तिला मेल्यावर सदस्य म्हणायचं, जी पुस्तकं रद्दीत टाकायची होती ती काचेत ठेवायची, आणि तिने ज्यांच्यासाठी ती पळवली त्या बायकांनी काचेबाहेरून बघायचं. मी उठून बोलणार होते. पण तेवढ्यात दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली, आणि ती संपताच चहा आला.

आठवड्याभराने कार्यवाह सर माझ्या केंद्रात हजर. पेट्या हव्या होत्या, कपाट रिकामं दिसतं म्हणाले. मी म्हटलं, "आधी वहिनींचं सदस्यत्व परत द्या. रीतसर ठराव करा."

"अहो, निधन झालेल्या व्यक्तीला सदस्यत्व देता येत नाही. नियमात बसत नाही."

"मग निधन झालेल्या व्यक्तीचं कपाटही करू नका."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

मी भावनेच्या भरात कधीच बोलत नाही, हे कर्जतमध्ये माझ्याकडून डबा घेणाऱ्या कुणालाही विचारावं. मी त्यांना दरवाजा दाखवणारच होते, तेवढ्यात रंजनाने हाताचं भाकरीचं पीठ झटकलं आणि त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "सर, बसा की. उभ्याउभ्या किती बोलाल. तुमी यातलं एकतरी वाचलंय का?"

"मला वेळ कुठे असतो."

"रिटायर होऊन बी नाय? आमी भाकऱ्या थापून वाचतो." ती आत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून एक पुस्तक घेऊन आली. "हे बगा. एक मास्तर हाय, तुमच्यासारखा. बायको वारलेली. वरच्या मजल्यावर पोस्टात काम करणारी बाई राहाया येते. दोघं पाण्याच्या टाकीवरनं वर्षभर भांडतात. एक दिस तिची टाकी भरलेली, आन् ती खाली येतच नाय."

रंजना थांबली. तव्यावर भाकरी होती, ती उलटायला गेली.

"मग?" सर म्हणाले.

"मग काय, घेऊन जा."

त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. मग पिशवीत टाकलं आणि पेट्यांचं काही न बोलता निघाले. मी रंजनाला झापलं. "त्यांना कशाला दिलंस?"

"ताई, वाचंल तर कुलपाचं बोलायचा नाय," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

याला आता दोन महिने होत आले. ठराव झालेला नाही. कपाट तसंच रिकामं आहे, त्यात म्हणे हल्ली खडू-डस्टर ठेवतात. आणि पुस्तकही परत आलेलं नाही. कुंभिवलीची एक मुलगी त्याच पुस्तकासाठी नंबर लावून बसली आहे, रोज ड्रायव्हरला विचारते. मी सरांना दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, थोडी पानं राहिलीत. ते पुस्तक मी पाहिलं आहे, चार दिवसांत वाचून होतं. दुसऱ्यांदा वाचतायत, दुसरं काय.